बीचचं पान

२८ जुलै

अफ्रा आली. बुर्गीच्या भावाची मुलगी. सत्तेचाळीस वर्षांची बाई, आयुष्यभर पोस्टात पत्रं वाटली आणि यंदा वसंतात शिकारीची परीक्षा पास झाली! दारातच म्हणते, "काका, हरणं माजावर आलीत. नराला पान वाजवून बोलवायचं मला तुमच्याकडूनच शिकायचंय. पानवाला ओटमार अख्ख्या खोऱ्यात एकच."

यंदा मचाणावर चढायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझी बायको बुर्गी, तिला जाऊन आठ महिने झाले. पण घरी आलेल्या पोरीला नाही कसं म्हणणार?

२९ जुलै

सांगायचं ते सगळं सांगितलं. वारा तोंडावर हवा. बसल्यावर पंधरा मिनिटं गप्प राहायचं. मग पान ओठांत धरून हळू वाजवायचं, तीन-चार वेळा, मादी नराला हाक मारते तसं. पुन्हा थांबायचं. नर आला नाही म्हणून लगेच उतरायचं नाही, तो लांबून वळसा घालून वास घेत येतो. नवशिके नेमके इथेच चुकतात.

तोंडाने सांगणं सोपं असतं.

पान मात्र अफ्राने बीचच्या झाडाच्या सावलीकडच्या फांदीचं तोडलं. उन्हातलं राठ असतं, फाटकं वाजतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

१ ऑगस्ट

तिच्याकडून पान फाटतंय. "काका, एकदा वाजवून दाखवा ना." माझे पुढचे दात नकली आहेत, असं सांगून टाकलं. दात माझेच आहेत.

इथे लिहायला काय हरकत आहे? आयुष्यात मी एकदाही पान वाजवलेलं नाही. वाजवायची बुर्गी. लग्नानंतरचा पहिला नर पडला तेव्हा सासरेबुवांनी माझ्या टोपीत शिकार साधल्याची फांदी खोचली आणि विचारलं, "पान कुणी वाजवलं?" बुर्गी पटकन म्हणाली, "ह्यानेच." थट्टा केली होती तिने. मी हसलो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं एकेचाळीस वर्षं चाललं.

३ ऑगस्ट

ऊन. घरीच. दुपारी चाइव्हची हिरवी पात घालून ब्रेड-लोणी. बुर्गी अशा उकाड्यात म्हणायची, "आज नरांची डोकी फिरलेली असणार, ऊठ." डब्यात दोन उकडलेली अंडी आणि मुळा. ती माझ्या डाव्या हाताला बसायची. नर दिसला की बोलायची नाही, माझ्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवायची. ती बोटं मला आजही आठवतात. फार आठवतात.

६ ऑगस्ट

लाज वाटावी असा दिवस. लार्चच्या रानातल्या मचाणावर होतो. अफ्राने पान ओठांशी धरलं. मी थोडा वेळ थांबलो आणि गुरुजींसारखा म्हणालो, "छान. पण जरा मोठं झालं."

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, मी अजून वाजवलंच नाही."

कान गेलेत. बारीक आवाज मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. बुर्गीचं शेवटचं पानही मी ऐकलं नव्हतं, नुसती मान डोलावली होती.

७ ऑगस्ट

रात्रभर झोप नाही. सकाळी कॉफीच्या टेबलावर सगळं सांगून टाकलं. कानांचं आणि पानाचंही. "तुला शिकवायला माझ्याकडे काहीच नाही, अफ्रा. तुझी आत्या वाजवायची, मी फक्त नेम धरायचो."

वाटलं, सामान बांधेल. ती म्हणाली, "मग नेमाचं बघा तुम्ही. पानाचं मी बघते. दुपारी निघू."

९ ऑगस्ट

आला! ती डाव्या हाताला बसली होती. मला काही ऐकू आलं नाही, फक्त तिचे गाल हलताना दिसले. पंधरा मिनिटं गेली. मग गुडघ्यावर दोन बोटं. मी मागे वळलो. म्हातारा नर, वारा जात होता त्या बाजूने, मान खाली घालून येत होता. मी पुटपुटलो, "थांब... अंगाने आडवा वळू दे... आता." तिने एकाच गोळीत पाडला.

रिवाजाप्रमाणे मी नराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी ठेवली आणि टोपीवर धरून अफ्राला फांदी दिली. ज्याच्या मदतीने जनावर आलं, त्याला त्यातली अर्धी मोडून द्यायची असते. तिने अर्धी माझ्यापुढे धरली. एकेचाळीस वर्षं मी अख्खी फांदी मिरवली. बुर्गीला अर्धी कधीच दिली नाही.

संध्याकाळी खानावळीत आमच्यातलाच एक शिकारी, वेंडेलिन, ओरडला, "पानवाल्याने चेलीसाठी नर बोलावला म्हणायचा!"

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी कधीच कुठला नर बोलावला नाही. पान बुर्गीचं होतं."

मग वेंडेलिन म्हणाला, "तरीच! तुला साधी शीळ घालता येत नाही." बियर त्याने पाजली.

१० ऑगस्ट

अर्धी फांदी बुर्गीच्या थडग्यावर ठेवून आलो. उशीर झाला, पण ठेवली.

१२ ऑगस्ट

अफ्रा गेली. बसमध्ये चढताना कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "काका, पान वाजवायला आत्याने मला अकराव्या वर्षीच शिकवलंय. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात म्हणाली होती, माज सुरू झाला की ओटमारकडे जा. 'मला शिकवा' म्हण, नाहीतर तो घराबाहेर पडायचा नाही."