पाळीत माझंही नाव घाला

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे अक्षर माझं नाही, हे तू ओळखलंच असशील. मी सांगतेय आणि खालच्या हॉलमधले वायरमन लिहून घेताहेत. गेल्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा तर आधीच कामातून गेलेला, म्हणून ही सोय. तुला आधी कळवलं नाही, कारण तू रजा टाकून धावत आली असतीस.

माझ्या घराखाली मानवतावादी मंडळ भरतं, हे तुला ठाऊक आहे. दर रविवारी जमतात, कुणाचं तरी भाषण ऐकतात, गातात, कॉफी पितात. देवाला तेवढं बोलावत नाहीत. मी पहिल्यांदा खाली गेले ती भांडायलाच. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेल्या बाईने जमिनीतून वर येणारा तो बेसूर किती सोसायचा? भांडले, आणि त्याच रविवारपासून त्यांची गाण्याची बाई होऊन बसले. माझा देव माझ्यापाशी, त्यांचा नकार त्यांच्यापाशी. आमचं छान जमतं.

आता त्यांनी माझ्यासाठी पाळ्या लावल्यात. सकाळी औषधांच्या दुकानातल्या बाई डोळ्यात थेंब घालतात, दुपारी शिंपी नवराबायको जेवण आणतात, संध्याकाळी वायरमन येतात आणि माझं प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवतात. देव मुळीच न मानणारा माणूस, पण वाचतो इतका खणखणीत, की देव बहिरा नाही हो, असं मला सांगावं लागतं.

मी दोन्ही वेळा पोटभर जेवते. डॉक्टर खूश आहेत. तू निवांतपणे लोकांच्या कवळ्या बनव.

माया करत राहा.
तुझी मावशी

ता. क. हे लिहिणाऱ्याकडून. जे खोटं आहे हे ठाऊक आहे ते आपल्या हाताने लिहायचं नाही, असं आम्ही मंडळात ठरवलेलं आहे. मावशी अर्धी पोळीसुद्धा संपवत नाहीत. डॉक्टर म्हणाले की त्यांना यापुढे उजेड आणि अंधार एवढंच कळेल. हे मी त्यांना वाचून दाखवलं आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

ता. ९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं आणि ता. क. वाचून ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वायरमनकाका, हे तुम्हीच वाचत असणार, तेव्हा तुम्हालाही नमस्कार आणि आभार. मावशी लपवण्यात पटाईत आहे. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, तेव्हा अंगात ताप घेऊन शाळेत जायची आणि मला सांगायची की स्टोव्हच्या धगीने तोंड लाल झालंय.

मावशी, मी २८ तारखेला, शनिवारी, तुला न्यायला येतेय. मागची खोली रिकामी केली, पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. ती माणसं चांगली असतील, पण परकी ती परकी. तुला दिसत नाही हे त्यांना कळलं आणि मला नाही, याचा मला फार राग आला आहे. तू माझी आहेस. कुरकुर न करता सामान बांध.

लोभ आहेच, पण रागही आहे.
तुझी भिंगरी

ता. १३ मार्च

मावशींच्या भाचीस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी मावशींसमोर बसून, मोठ्याने म्हणत लिहितो आहे. त्यांच्या पाठीमागे लिहिणं मला जमायचं नाही. त्यांना न्यावं की नाही, यात मी पडत नाही. इथे काय चाललं आहे ते फक्त कळवतो.

प्रार्थनेवरून मंडळात चांगलीच जुंपली होती. आमचे प्रोफेसर म्हणाले की आपण मानत नाही ते वाचणं म्हणजे ढोंग. औषधवाल्या बाईंनी त्यांना विचारलं की दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब घालायला आपलेही डोळे दुखायलाच हवेत का. आता मंगळवारी प्रोफेसरच वाचतात. ‘सर्वशक्तिमान’ आलं की खोकतात, पण एक ओळ गाळत नाहीत.

शिंपीणबाईंनी चहा, साखर आणि मिठाच्या बरण्यांना वेगवेगळं कापड शिवलं आहे: मखमल, जाडंभरडं आणि लोकर. पहिल्याच दिवशी मावशींनी मिठाचा चहा केला आणि मी तो प्यायलो. आता चुकत नाहीत. गाण्याचा सराव त्यांच्याच खोलीत होतो. कोण तोंड नुसतंच हलवतंय, हे त्यांना न बघता कळतं. बहुतेक वेळा तो मी असतो.

आपला स्नेह जडावा ही इच्छा.
वायरमन

ता. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला अजिबात भीती वाटत नाही, असं लिहा म्हटलं तर या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. बरं, मग खरं सांगते. मला भीती वाटते. पहाटे जाग येते आणि डोळे उघडले की नाही हेच कळत नाही. तेव्हा मी भिंत चाचपते. ही भिंत मला माहीत आहे. कपाटाचा कोपरा कुठे लागतो, जिना कुठे वळतो, सगळं हाताला माहीत आहे.

तुझ्याकडे आले तर तू सकाळी कामावर जाशील आणि मी एका खुर्चीत तुझी वाट बघत बसेन. तू दमून आलीस की दिवसभराचं साठलेलं तुझ्या डोक्यावर ओतीन. तूही गोड मानून घेशील, कारण तू तशीच आहेस. मला ते नको आहे. इथे रोज कुणी तरी माझं ऐकून घेतं, माझ्याशी भांडतं, माझ्याकडून चार सूर शिकतं. मी अजून कुणाच्या तरी उपयोगाची आहे गं.

मात्र ये. न्यायला नको, राहायला ये. हे सगळे वाचतात ते चांगलंच वाचतात, पण कधी कधी मला तुझाच आवाज हवा असतो. हे मात्र वायरमननी लगेच लिहून घेतलं.

रुसू नकोस.
तुझी मावशी

ता. २३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं. तोवर मेण गार झालं आणि एका आजोबांची कवळी पुन्हा करावी लागली. आधी राग आला, मग रडू आलं, मग पटलं. पलंग असू दे. पाहुणी म्हणून येशील तेव्हा लागेल.

वायरमनकाका, तुमच्या पाळीत माझंही नाव घाला. दर महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार माझा. थेंब, जेवण, केस विंचरणं आणि प्रार्थनासुद्धा.

आता तिथे सगळे खरंच बोलताहेत, तर मीही एक सांगते. आई गेल्यावर तू मला कुशीत घेऊन प्रार्थना शिकवलीस. ती मी वर्षानुवर्षं तुझ्याबरोबर म्हटली, पण माझा विश्वास आईबरोबरच गेला होता. तुला आधीच बहिणीचं दुःख, त्यात हे कुठे सांगायचं, म्हणून गप्प राहिले. तुझ्या घरातले पहिले नास्तिक वायरमनकाका नव्हेत, मावशी. मी होते. तू प्रार्थना म्हणायचीस तेव्हा मला फक्त तुझा आवाज हवा असायचा. तो असला की झोप लागायची.

शनिवारी मी वाचीन, तू ऐक. न खोकता वाचीन.

हे कळल्यावरही लोभ आहे तसाच राहू दे.
तुझीच,
भिंगरी