तीनघरीची दारे

मी, मनुबाई लालासाहेब जगदाळे, वय सुमारे त्रेसष्ट, राहणार वाई, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. आज मला ताप नाही, भ्रम नाही, कोणाचा धाक नाही आणि शेजारी बसून कोणी सांगतही नाही. वकीलसाहेब म्हणाले, सुरुवात अशीच करायची असते. मला ती खरेपणाने करता येते.

माझी मिळकत म्हणजे नदीकडच्या आळीतील एकमेकांना लागून असलेली तीन घरे. गाव त्यांना तीनघरी म्हणतो. पहिले घर माझे यजमान सुभेदार लालासाहेब यांनी पलटणीतून परतल्यावर घेतले. कोयनेच्या भूकंपात शेजारच्या दोन घरांच्या भिंती फाटल्या आणि मालक गाव सोडून गेले. यजमान तोवर वारले होते. ती घरे मी माझे दागिने मोडून घेतली, म्हणून त्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही.

पाडून नवे बांधा, असे सगळे म्हणाले. मी आणि जोतिबा सुतारांनी पाडले नाही. मधल्या भिंतींतून वाटा काढून तिन्ही घरे एक केली आणि उतारूंसाठी उघडली. जुनी सागवानी दारे जशीच्या तशी ठेवली. एकावर कमळ, एकावर पोपटांची जोडी, प्रत्येकाचे कोरीव काम निराळे. उतारू खोलीचा नंबर सांगत नसत, पोपटाची खोली द्या म्हणत. अस्थी घेऊन आलेली माणसे, सांगलीचे हळदीचे व्यापारी, महाबळेश्वरची गाडी चुकलेले, सगळे उतरत. स्वयंपाक पहिल्या दिवसापासून साळूबाईंचा.

नानासो हा माझ्या दिरांचा मुलगा. वकीलसाहेबांच्या मसुद्यात ‘माझा मुलगा’ असे होते, कारण मी सर्वांना तसेच सांगत आले. नक्कल करताना मी ते ‘पुतण्या’ केले आहे. त्याची आई गेली तेव्हा मी त्याला कवठे महांकाळहून आणले. नीट बोलतही नव्हता. ‘आय’ हा शब्द तो माझ्यावरूनच शिकला. दारांना तेल कसे द्यायचे, तेही मीच शिकवले.

शहात्तरच्या थंडीत मिरजेला माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी दोन्ही डोळ्यांवर होती. पुढे धूर नको म्हणून नानासोने मला सांगलीला मावसबहिणीकडे ठेवले. भेटायला यायचा, मोसंबी सोलून हातात द्यायचा. मी एकेका दाराची चौकशी करायची.

“कमळाच्या दाराला तेल दिलंस का रं?”

“दिलं की, आय. समदं जागच्या जागी हाय. तू डोळ्यांस्नी जप.”

मी घरी आले तेव्हा एकाही खोलीला दार नव्हते. चौकटींना पत्रे ठोकलेले होते. नानासो बायकोमुलांसह निघून गेला होता. साळूबाई उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, “त्यांनी तुमचं नाव घेतलं. आयनंच सांगितलंय म्हणाले, म्हून मी गप बसले.”

पुढे आमचे जुने उतारू बिराप्पा यांनी सांगितले की, शिरवळला हमरस्त्यावर नवे हॉटेल झाले आहे आणि दारे तिथे आहेत. मी एसटीने गेले. नव्या चष्म्यातून मला पोपटांच्या चोचीसुद्धा दिसल्या. गल्ल्यावर नानासो होता, शेजारी हॉटेलचा मालक उभा होता. नानासोने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “बसा बाई. चहा घेणार का जेवण?”

मी पाणी पिऊन उठले. वकीलसाहेबांनी फिर्याद करायला सांगितले. मी केली नाही. दया आली म्हणून नव्हे. कोर्टात त्याच्या तोंडून पुन्हा ‘बाई’ ऐकायचे नव्हते.

आता व्यवस्था. तीनघरी, भांडीकुंडी व अंथरुणांसह, माझ्या पश्चात साळूबाईंची होईल. दारे नसतानाही त्यांनी चूल बंद ठेवली नाही. ती मिळकत त्यांनी चालवावी किंवा विकावी, कोणी आडवे येऊ नये. नानासोस यातून काहीही मिळणार नाही. हे विसरून राहिलेले नाही, समजून लिहिलेले आहे.

जोतिबांचे रंधे व पटाश्या माझ्याकडे आहेत, त्या त्यांच्या मुलीला, बनुबाईला द्याव्यात. जोतिबा अंथरुणावर असताना दारांबद्दल विचारत. ठीक आहेत, असे मी शेवटपर्यंत सांगत राहिले. शिरवळची दारे कोणी आणून दिली तर घ्यावीत. मागायला कोणी जाऊ नये.

माझ्या चितेला अग्नी साळूबाईंनी द्यावा. बाईमाणसाने देऊ नये असे कोणी म्हटल्यास हा कागद दाखवावा. नानासोला निरोप धाडू नये. तरीही तो आला तर घाटावर त्याला अडवू नये. उन्हात उभा असेल तर सावलीला बोलवावे. खांदा मात्र देऊ देऊ नये.

वाई, दि. ९ फेब्रुवारी १९७८
(सही) मनुबाई लालासाहेब जगदाळे

मनुबाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. बिराप्पा सिद्राम माळी, हळद व्यापारी, सांगली
२. चारुशीला गंगाधर वैद्य, शिक्षिका, वाई