एका महिन्याची रजा

चिमणे,

काल तुझी आई सहज बोलून गेली की, माझी नोकरी गेल्याचं तुला तेव्हाच ठाऊक होतं. मी चाटच पडलो.

तू अकरा वर्षांची होतीस. ऑफिसला टाळं लागलं आणि तिथला भंगारात निघालेला कॉम्प्युटर मी घरी आणला. "महिनाभर रजा आहे, आपण दोघं मिळून हा नवा करू," अशी तुला थाप मारली. तू शाळेतून आलीस की आपण जेवणाचं टेबल अडवायचो. तू रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ झाडायचीस आणि शिंकत सुटायचीस. मेमरी वाढवली, हार्डडिस्क बदलली. काम चार दिवसांचं, पण रोज एखादा स्क्रू हरवायचा. आई म्हणते, ते तूच दप्तरात लपवायचीस. काम संपलं तर बाबा दिवसभर काय करतील, याची तुला काळजी.

शेवटी स्क्रीन उजळली. "तुम्ही सांगा, मी टाइप करते," म्हणालीस. मी नोकरीचा अर्ज सांगू लागलो. कशाला, हे तू विचारलंच नाहीस. उलट, "कॉम्प्युटर दुरुस्ती येते, हेही घालते," म्हणालीस आणि घातलंस. मुलाखतीत साहेबांनी नेमकं तेच विचारलं. तिथेच पुढे बावीस वर्षं काढली.

पत्र लिहिलं खरं, पण पाठवणार नाही. तुला कळलंय हे तू मला कधी कळू दिलं नाहीस. आता माझी पाळी.

तुझाच,
बाबा