फोन डब्यात ठेवला तो महिना

३ फेब्रुवारी, सोमवार

ठेवला! बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात फोन, डबा कपाटावर, डब्यावर जुनी इस्त्री. महिनाभर उघडायचा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चार-चार तास लोकांचे फोटो बघता. महिनाभर बंद ठेवा, एकटेपणा कमी होईल." हसूच आलं. फोन होता तेव्हा निदान लोकांची सुखं बघून जळता तरी येत होतं! काल धाकट्या बहिणीने नव्या घराचे सत्तेचाळीस फोटो टाकले. मी प्रत्येकाला अंगठा दिला. सत्तेचाळीस अंगठे! उलट एक शब्द नाही.

आमच्या दातांच्या लॅबच्या ग्रुपवर शेवटचं लिहिलं — "महिनाभर मी यात नाही. काही असेल तर तोंडाने सांगा." तेवढंच.

४ फेब्रुवारी

हात सारखा उशीखाली जातो. मेला फोन!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, आम्ही कवळ्या करून पाठवतो. पाच माणसं. प्लास्टरवाली ठशांत प्लास्टर ओतते, मी मेणात दात बसवते, पॉलिशवाला घासतो, संगणकवाला पडद्यावर दातांच्या कॅपा काढतो, मॅडम सगळ्यांवर ओरडतात. दिवसभर दुसऱ्यांचं हसू बसवायचं आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून एकटीने डबा खायचा. चौघं खिडकीपाशी खिदळत होती. एकालाही वाटलं नाही, ही बया गप्प का.

संध्याकाळी प्लास्टरवाली स्टॉपपर्यंत मागे लागली. तिची बस उलट्या दिशेची! तोंड म्हणजे उघडा नळ. तीनदा म्हटलं, जा बाई. ऐकेल तर शपथ.

१० फेब्रुवारी, सोमवार

आश्चर्य! पॉलिशवाला डबा घेऊन माझ्या टेबलाशी. "बसू का ताई?" अर्धा तास सासूच्या कागाळ्या सांगत होता. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. त्याला हसवायला मी प्लास्टरवालीची नक्कल केली — बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरते ना, तशी. पोट धरून हसला. मला जरा वाईट वाटलं. फार नाही.

११ फेब्रुवारी

आज संगणकवाला! डॉक्टरीणबाईंचं खरं म्हणायचं. फोन गेला आणि माणसं आली.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्लास्टरवाली घरी आली, न सांगता न सवरता. मी दारातच म्हटलं, "काय काम?" ती म्हणाली, "काही नाही, आले." आत शिरली, मोरीतला गळका नळ बघितला, कोपऱ्यावरून वॉशर आणून बसवला. वर्षभर टपटप ऐकतेय मी!

चहा घेताना एकदम रडायला लागली. "ताई, वरचे सगळे खोटे आहेत माझे. नवऱ्याने पाडले." त्याला सोडून सहा वर्षं झाली. कवळी तिने स्वतःच केली, लॅबमधल्या उरल्यासुरल्या दातांची, चोरून, घाईघाईत. डावा सुळा वर राहिला. तो दिसू नये म्हणून ओठ ओढून बोलते.

आणि मी त्याच ओठाची नक्कल केली होती! जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. म्हटलं, "अगं, मी करून देते नवे. आणि माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही. तुझ्या गळ्याची शपथ." तिने माझा हात धरला. किती वर्षांनी कुणी धरला, मोजायला नको. मीही रडून घेतलं. चुलीत घाला तो फोन!

२१ फेब्रुवारी

सगळे गेल्यावर तासभर थांबून तिचे दात लावतेय. सुळे दोन्ही एका रेषेत आणले. पुढचे दोन अगदी किंचित एकमेकांवर, खऱ्यासारखे. आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नव्हतं. ७ मार्चला, शुक्रवारी, मेणातच तोंडात घालून बघायचे.

आज दिवसभर फोन आठवलाच नाही.

५ मार्च, बुधवार

महिना पुरा झाला. जिंकले म्हणून फोन काढला, मिरवायला. चालू केला आणि मेसेज कोसळायला लागले. लॅबचा ग्रुप! मी "यात नाही" म्हटलं आणि या शहाण्यांना वाटलं, मी बाहेर पडले. मी आतच होते.

मॅडम: "बाई एकटी आहे, फोनही सोडलाय. जिवाचं काही बरंवाईट केलं तर लॅबचं नाव जाईल. जेवताना वार लावून बसा तिच्याजवळ. सोम पॉलिश, मंगळ संगणक, बुध मी. संध्याकाळचं प्लास्टरवाली बघतेच."

पॉलिशवाला: "सोमवार माझा, पण दोनच आठवडे. कान किटतात."

संगणकवाला: "मंगळवार घेतो, शनिवारी लवकर सोडा." खाली हसरी तोंडं. दात काढलेली.

पूर्वी गरिबांची मुलं वार लावून जेवायची. मला वार लावून माणसं वाढली! पुढचं वाचवेना. फोन भिंतीवर आपटला, काच तडकली.

आणि ती? नळ, चहा, रडणं — ड्यूटीच की! संध्याकाळची पाळी! त्या तिघांचं काय, ते परके. हिला मी घरात घेतलं. थांब म्हणावं.

६ मार्च, गुरुवार

केलं. सगळ्यांसमोर.

जेवणाच्या सुट्टीत ती हसत आली, "ताई, उद्या आपलं—" मी मोठ्याने म्हटलं, "हो, उद्या हिला नवे दात मिळणार! ठाऊक नाही होय तुम्हाला? वरचे सगळे खोटे हिचे. नवऱ्याने पाडले. म्हणून तर ओठ असा ओढते!" आणि ओढून दाखवला.

पॉलिशवाला घास हातात धरून बसला. मॅडम म्हणाल्या, "अहो बाई, काय हे?" कुणी हसलं नाही. मी वाट बघत होते, हसतील म्हणून.

तिने प्लास्टरच्या धुळीसाठी गळ्यात असतो तो मास्क वर घेतला, डबा न उघडता आत गेली. संध्याकाळपर्यंत काढला नाही.

बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

ती आली नाही. तिचे दात माझ्या टेबलावर मेणात तयार आहेत. सुळे एका रेषेत.

दुपारी भिंतीकडे तोंड करून तडकलेल्या काचेतून पुढचं वाचलं. मॅडमच्या यादीखाली तिसराच मेसेज, तिचा: "मला यादीत धरू नका. मैत्रिणीबरोबर चालायला पाळी कशाला लागते?"

यादी ८ फेब्रुवारीची. ही वही मागे चाळली. ती सहा तारखेलाच माझ्याबरोबर स्टॉपपर्यंत आली होती. माझ्याच अक्षरात आहे.

ग्रुपमध्ये सगळ्यात खाली, आज सकाळची, राखाडी ओळ आहे: प्लास्टरवाली बाहेर पडली.