ताईंची खोली

३ मार्च
ताईंनी तक्ते पुन्हा भिंतीवरून उतरवले! दात घासण्याचा, भांड्यांचा, औषधांचा — तिन्ही. नीट घडी घालून माझ्या चपलांवर ठेवलेले. महिन्याभरात ही तिसरी वेळ. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून चित्रं काढली होती मी! ताईंना वाचता येत नाही म्हणून.

गतिमंद म्हणून बेचाळीस वर्षं भावाच्या घरी काढली त्यांनी. आता आमच्या संस्थेनं तीन महिन्यांसाठी ही खोली दिली आहे — स्वतःची, एकटीची. मी रोज चार तास मदतीला. तीस तारखेला बैठक. जमतंय असं दिसलं तर खोली कायमची, नाहीतर परत भावाकडे, पुतण्यांच्या खोलीतल्या कोपऱ्यात. हे मी त्यांना रोज सांगते. त्या खिडकीबाहेर बघतात.

७ मार्च
आज चहा. "तू कर ना गं, छान करतेस." मी हाताची घडी घातली. म्हटलं, तुम्हीच करायचा. वीस मिनिटं दोघी गॅसकडे बघत बसलो! मग उठल्या, पाय ओढत गेल्या, मुकाट्यानं केला.
एक कप. एकच! माझ्यासमोर बसून प्यायल्या.

८ मार्च
आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि काम काय, तर बाईला चहा शिकवायचा! अगं, आधी स्वतः तरी भांडी घास." बाबा पेपरामागे हसत होते. दिसतं मला.
यांना कसं सांगू, की एका माणसाचं आयुष्य उभं राहतंय?

१४ मार्च
दार उघडून आत गेले, तर शेजारच्या शिवणकामवाल्या बाई पलंगावर मांडी घालून! रेडिओ मोठ्यानं, दोघी खिदळतायत. साडेदहाला कपडे धुवायचे होते. मी रेडिओ बंद केला.
"बेल वाजवत जा की गं," ताई.
"अहो, किल्ली आहे माझ्याकडे."
शेजारीणबाई पदर सावरत निघून गेल्या. ताई माझ्याकडे पाठ करून बसल्या. कपडे मात्र धुतले. मी उभी होते ना!

१९ मार्च
तक्ते चौथ्यांदा लावले. या वेळी डिंकानं.

२६ मार्च
भाऊ येऊन गेले. सगळीकडे बोट फिरवून धूळ बघितली. "कशाला हट्ट मॅडम? हिला सतत माणूस लागतं."
"आहे ना माणूस," मी ताडकन म्हटलं. "मी आहे!"
ताई नखानं भिंतीवरचा डिंक खरवडत होत्या. माझी बाजू घ्यायला काय जातं यांचं!

२९ मार्च
डोकं उठलं. ताईंकडून दहा वेळा घोकून घेतलं — काय हवं, काय नको, मोठ्यानं सांगायचं. समोर कोणी का असेना, भीड नाही बाळगायची. "भाऊ रागावला तरी?" रागावू दे! "कोणीही रागावलं तरी?" हो हो, कोणीही. खोली तुमची आहे ताई!
मान डोलावली. कळलं की नाही, देव जाणे.

३० मार्च
खोली मिळाली. कायमची.
बैठकीत संस्थेच्या साहेबांनी ताईंना विचारलं, काय हवं? "खोली." खणखणीत! आणि काय नको?
ताईंनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बोट केलं.