गावदेवीचा डोळा आणि महिपतचे हात

मुरबाड, ता. १२ जानेवारी १९३९

चि. सावळाराम यास ताराआत्याचे आशीर्वाद.

मंगळवारी, ता. १० रोजी, सकाळी साडेनऊ वाजता तू सख्ख्या धाकट्या भावाला गावदेवीपुढे उभे करून चोर ठरवलेस, असे महिपतच्या बायकोने, गिरजाने, कळवले. देवीचा चांदीचा डोळा गेल्या वर्षी हरवला. महिपत महिन्यापूर्वी गवताच्या गाडीवरून मानेवर पडला. पाय चालतात, हात मात्र लोंबतात. म्हणून देवीने चोराचे हातच धरले, हा तुमच्या भगताचा न्याय!

मी तीस वर्षे इस्पितळात नर्स होते. कल्याणच्या डॉक्टरांना विचारून आले. मानेत अगदी वर मज्जारज्जूला मार बसला की कधी कधी हात जातात आणि पाय वाचतात, असे ते म्हणाले. विहिरीत सूर मारलेला एक माणूस त्यांनी असाच पाहिला होता. त्याचे हात हळूहळू परत आले. खुलासा लिही.

ताराआत्या


किन्हवली, ता. १६ जानेवारी

तीर्थरूप ताराआत्यास सावळारामचा शि. सा. न. वि. वि.

तुमी रागावलात, पण महिपतने मंगळवारी देवीपुढे आपल्या तोंडाने कबूल केलं. त्याच संध्याकाळी त्याची बोटं हलली, साऱ्या गावाने पाहिली. डॉक्टरला हे कुठलं ठाऊक? डोळा कुठे ठेवला ते मात्र आठवत नाय म्हणतो. तो मिळेपर्यंत गिरजाला पाणवठा बंद आहे. मी एकटा गावापुढे काय बोलू? नाचणीचं पीठ पाठवलंय. लोभ कमी करू नये.

सावळाराम


मुरबाड, ता. १९ जानेवारी

चि. सावळाराम यास आशीर्वाद.

पीठ चांगले आहे. राग त्याने उतरत नाही.

रविवारी, ता. ८ ला, तुझ्याच ओटीवर मी महिपतला पेज भरवत होते, तेव्हा त्याच्या दोन बोटांनी माझा पदर धरला. गिरजानेही पाहिले. खोटी आशा नको म्हणून मीच तिला गप्प केले. ती चूक माझी. गावापुढे येऊन सांगेन. पण बोटे रविवारी हलली आणि कबुली मंगळवारची. तुमची देवी दोन दिवस आधीच माफ करून बसली होती काय?

काल गिरजा त्याला इकडे घेऊन आली. न केलेली चोरी का कबूल केलीस, असे मी खडसावले. खाली मान घालून म्हणाला, की भगताने हात परत येतील सांगितले. स्वतःच्या हाताने एक घास खाता आला असता, तर आणखी चार चोऱ्या कबूल केल्या असत्या, असेही म्हणाला.

मंगळवार, ता. ३१ जानेवारी, सकाळी साडेनऊच्या आत तुझी लेखी माफी मला मिळाली पाहिजे. गावदेवीपुढे ती महिपत स्वतः हातात धरून वाचेल. लोभाचे त्यानंतर पाहू.

कागद जाड घे. त्याची बोटे अजून थरथरतात.

ताराआत्या