माझी बीपीची गोळी टेस्टट्यूबच्या पोटात

४ जानेवारी
रोजनिशी सुरू. ही कुणी वाचायची नाही. वाचायच्या लायकीचं आमच्या आसपास कुणी नाहीच.

आज मेहुण्याने बीपी मोजलं. मेहुणा डॉक्टर आहे, म्हणजे तसं त्याच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय. आकडा सांगून त्याने चेहरा असा पाडला की जणू बीपी त्यालाच झालंय. आकडा इथे लिहीत नाही. मशीन त्याचं, पट्टा ढिला, आणि मोजताना त्याची बडबड चालू. कुणाचंही चढेल. म्हणाला, भाओजी, रोज नाश्त्यानंतर एक गोळी, चुकवायची नाही. मी म्हटलं, मला बीपी नाही, मला सहकारी आहेत. हसला नाही. विनोद कळायलाही मेंदूला रक्त पोचावं लागतं.

बायकोने गोळ्यांचं पाकीट थेट माझ्या ताटाशेजारी मांडलं. तिचा धाकटा भाऊ म्हणजे तिला देवच.

निश्चय : एकही गोळी घेणार नाही.

९ जानेवारी
कॉलेजच्या लायब्ररीत एक लेख हाती लागला. बीपीच्या काही औषधांत म्हणे अँटिऑक्सिडंट गुण असतात. शरीरातली प्रथिनं ऑक्सिजनच्या माऱ्याने गंजतात, ते गंजणं ही औषधं रोखू शकतात. प्रथिनं गंजतात हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगतोय. पोरं जांभया देतात. मेहुण्याला तर यातलं ओ की ठो माहीत नसणार. त्याच्या लेखी गोळी म्हणजे गोळी.

निश्चय : ही गोळी मी तपासणार. विभागप्रमुखांकडे मागितली तर अर्ज करा, बघू, विचार करू. घरी ताटाशेजारी आयती मिळते.

१७ जानेवारी
पद्धत बसली. बायकोसमोर गोळी तोंडात टाकायची, गालात दाबायची, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि बेसिनपाशी जाऊन रुमालात काढायची. तिथून लॅब. लाळेचा परिणाम नगण्य धरला आहे.

प्रयोग साधा. अंड्यातलं प्रथिन, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर लोह. प्रथिनाची वाट लागली की शेवटचं रसायन घातल्यावर ट्यूब पिवळीजर्द होते. गोळी घालूनही पिवळी झाली तर गोळी कुचकामी. पिवळी नाही झाली तर मी कुठच्या कुठे. गोळी पाण्यात विरघळेना, म्हणून एका वासट सॉल्व्हंटमध्ये विरघळवली.

२४ जानेवारी
यश! गोळीविना ट्यूब हळदीसारखी. गोळीवाली ट्यूब जवळजवळ पाण्यासारखी. प्रथिन सहीसलामत. लॅबमध्ये मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

एकटाच कसला, शेजारच्या टेबलावर आमची ज्युनियर लेक्चरर होतीच. हिला मी मनातल्या मनात ब्लँकबाई म्हणतो. जगबुडी झाली तरी ही विचारेल, ब्लँक लावला होता का? आजही तेच. सर, गोळी न घालता नुसतं सॉल्व्हंट घालून एक ट्यूब लावलीत का? मी म्हटलं, बाई, मोठे शोध ब्लँकसाठी थांबत नाहीत. ती म्हणाली, थांबतात सर, छापून यायच्या आधी थांबतात. आगाऊ.

३ फेब्रुवारी
मेहुणा घरी येऊन बीपी मोजून गेला. वाढलंय म्हणे. विचारत होता, गोळी घेता ना नियमित? मी म्हटलं, रोज तोंडात टाकतो, तुझ्या बहिणीला विचार. बायकोने साक्ष दिली. मेहुण्याने डोकं खाजवलं आणि दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली.

वाईट वाटलं बिचाऱ्याचं. स्वतःची औषधं चालत नाहीत हे डॉक्टरला कळणं म्हणजे अवघडच. पण संशोधनाला बळ आलं. नवी गोळी मोठी, सॉल्व्हंटही जास्त लागलं, पण ट्यूब आणखी स्वच्छ.

११ फेब्रुवारी
सकाळी डोकं ठणकतं. लॅबचा जिना चढताना कानात कुकरची शिट्टी. मोठ्या कामाचा ताण. ज्यांना कामच नाही त्यांची डोकी दुखत नाहीत. विभागप्रमुखांचं कधी दुखलेलं ऐकलं नाही.

त्यांनाच आज निकाल दाखवला. पुढच्या सेमिनारला बाहेरून एक नामवंत शास्त्रज्ञ येणार आहेत, त्यांच्यासमोर मांडा म्हणाले. सूर असा, की चला, तेवढाच वेळ भरेल.

निश्चय : नवा कोट. भाषण न वाचता करायचं. शेवटी क्षणभर थांबायचं, म्हणजे टाळ्यांना जागा मिळते.

१९ फेब्रुवारी
घरात कटकट. बायको म्हणते, भाऊ रोज संध्याकाळी फोन करतोय. आपण काहीतरी मोठं चुकतोय असं त्याला वाटतंय. जुन्या सरांना जाऊन भेटला, पुस्तकं काढून बसतो, तुमच्या किडनीच्या तपासण्या करायच्या म्हणतो. जेवण नीट जात नाही त्याला. मी म्हटलं, अभ्यास करू दे, या वयात का होईना. बायको ताट तसंच टाकून आत गेली. बाईमाणसाला कौतुक करता येत नाही.

लॅबमध्ये वेगळाच ताप. ब्लँकबाईने माझ्या परस्पर नुसत्या सॉल्व्हंटच्या ट्यूब लावल्या. गोळीचा कण नाही, तरी ट्यूब पाण्यासारखी! म्हणे सर, वाचवतंय ते सॉल्व्हंटच. गोळीचं काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, ट्यूब धुतल्या नसतील नीट. ती म्हणाली, पुन्हा धुऊन पुन्हा लावल्या. सेमिनार पुढे ढकला, आपण दोघं मिळून नव्याने करू, मी रोज थांबेन.

मत्सर. निव्वळ मत्सर. ट्यूब फेकून द्यायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर मेहुण्याच्या चिठ्ठीसारखं येतंय.

काल सेमिनार. भाषण उत्तम झालं. शेवटी थांबलो. टाळ्या यायच्या जागी पाहुण्यांचा प्रश्न आला, नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँक काय सांगतो? मी म्हटलं, पिवळाजर्द. ब्लँकबाई पहिल्याच रांगेत. तिने मान खाली घातली. मला वाटलं, सुटलो. पाहुणे उठलेच. म्हणाले, वा, चला, बघू या.

लॅबमध्ये रॅकवर ट्यूब तशाच. तिने फेकल्या नव्हत्या. 'नुसतं सॉल्व्हंट' अशी चिठ्ठी, आणि आत स्वच्छ पाणी. पाहुण्यांनी एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी आवाज चढवून म्हणालो, ही माझ्याविरुद्ध... आणि पुढचा शब्द सापडेना. नाकातून ओघळ लागला. पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर ही मोठी लाल नक्षी. मग जमीन वर आली.

ब्लँकबाईने माझं डोकं मांडीवर धरलं होतं म्हणे. मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तर मेहुणा कॉटपाशी. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना सांगत होता, गोळी बदलली, वाढवली, कशाने उतरत नाही, माझंच निदान चुकलं सर. मोठे डॉक्टर म्हणाले, असं असेल तर आणखी आत शिरून तपासावं लागेल, मांडीतून नळी वगैरे.

नळी ऐकून मी बोललो. म्हटलं, गोळ्या घेतल्या नाहीत.

मेहुण्याने विचारलं, किती दिवस?

म्हटलं, पहिल्यापासून.

मग कुठे गेल्या?

संशोधनाला.

मला वाटलं, चिडेल. तो भिंतीला टेकला, खाली बसला आणि रडायला लागला. म्हणाला, ताई, मी चुकलो नव्हतो गं. बायकोने त्याच्या पाठीवर हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाली, रोज माझ्यासमोर पाणी पीत होतात. एवढंच. त्यानंतर माझ्याशी अवाक्षर नाही.

खोलीत आजारी मी, आणि पाठीवर हात त्याच्या. याला काय म्हणावं?

६ मार्च
घरी आलो. पाहुण्यांनी विभागप्रमुखांना पत्र पाठवलंय. सॉल्व्हंटच्या चुकीवर ब्लँकबाईने छोटा लेख लिहावा, इतरांना उपयोग होईल. ती परवानगी विचारायला घरी आली. सोबत फळं. सर, तुमचं नाव घालू का? मी म्हटलं, घाल की, पहिलं. ती म्हणाली, चूक कुणाची हे सांगणारं वाक्य आहे, तिथे घालावं लागेल. मी म्हटलं, राहू दे.

१४ मार्च
नाश्त्यानंतर गोळी. बायको समोर बसते, तोंड उघडायला लावते, जीभ उचलायला लावते, गालात बोट फिरवते. बोलत मात्र नाही. मेहुणा मोजायला येतो, आकडा बहिणीला सांगतो, चहा न घेता जातो.

आठवडाभर प्रामाणिकपणे घेतली. म्हटलं, पोटात गेल्यावर तरी खरा गुण दिसेल. प्रथिनं ताजीतवानी होतील, चेहऱ्यावर तेज येईल, गुडघे हलके होतील. रोज आरशात बघतो. काही नाही.

नुसतं बीपी उतरलं.